पडवीतल्या मशीनचा स्पिंडल

संगणकाच्या आज्ञेवर कोरणाऱ्या छोट्या सीएनसी मशीनबरोबर स्पिंडल म्हणून, म्हणजे कापणारं बिट फिरवायला, येणारी मोटर बहुतेक वेळा ७७५ जातीची असते. चोवीस व्होल्टची, कार्बन ब्रशची, जेमतेम साडेतीनशे ग्रॅम वजनाची. छोट्या ड्रिलमध्ये, मुलांच्या चालत्या गाड्यांमध्येही हीच सापडते. तिच्या ५ मिमी जाडीच्या दांड्यावर एक नळी चढवलेली, नळी ग्रब स्क्रूने आवळलेली आणि नळीच्या टोकाला बिट पकडणारी चिमटी, म्हणजे ईआर११ कोलेट. पाटीवर फेरे मिनिटाला दहा हजारांच्या आसपास लिहिलेले. या मोटरबद्दल मला वाईट बोलवत नाही. पांगाऱ्याच्या मऊ लाकडावर, एमडीएफवर, अॅक्रिलिकच्या पट्टीवर तिने मला सगळं शिकवलं. जी-कोड (मशीनच्या आज्ञांची भाषा) कसा वाचायचा, शून्य कुठे धरायचं, बिट किती खोल उतरवायचं, तुकडा नीट आवळला नाही तर काय होतं, हे सगळं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्याच दिवशी मोठा स्पिंडल घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. कमी ताकदीच्या मोटरवर चुकलेली आज्ञा एका बिटाच्या किमतीत सुटते.

पण मला फणस कोरायचा होता.

आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजूला जुनं घर उतरवलं की फणसाच्या फळ्या आणि तुळया निघतात. ताज्या फणसाचा पिवळा रंग वर्षानुवर्षं गडद होत जातो आणि शेवटी असा तपकिरी होतो, की पॉलिश लावायला जीव होत नाही. देव्हारे, पाट, चौरंग इकडे फणसाचे करतात ते उगाच नाही. लाकूड टिकतं आणि हत्याराला मानवतं. फक्त त्याचे रेषे सरळ जात नाहीत. एका थरात इकडे, पुढच्या थरात तिकडे कलतात. रंधा मारताना एका बाजूने गुळगुळीत निघालेली फळी दुसऱ्या हातभर अंतरावर उचकटते. मला देव्हाऱ्याच्या दारांची उठावाची नक्षी आणि गणपतीच्या मखराच्या जाळ्या करायच्या होत्या. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यापासून वाडीत लाकडाच्या, प्लायच्या मखरांना पुन्हा मागणी आहे, आणि दर चतुर्थीला निघणारं मखर नंतर नीट घडी करून माळ्यावर ठेवता येतं, याचं मला फार समाधान वाटतं.

माझं मशीन प्रसिद्ध ३०१८ मशीनपेक्षा, म्हणजे ३०० बाय १८० मिमीच्या छोट्या मशीनपेक्षा, थोडं मोठं आहे. ३०० बाय ४०० मिमीचा बेड, बाजूच्या पट्ट्या जाड अॅल्युमिनियमच्या, अक्ष सरकवणाऱ्या मोटरा, म्हणजे स्टेपर, नेमा २३ या मोठ्या आकाराचे. म्हणजे अंग भक्कम, हात मात्र ७७५चा. फणसात तिला जरा खोल उतरवली की आवाज बसायचा, फेरे खाली यायचे. मग मी फीड, म्हणजे बिट पुढे सरकण्याचा वेग, कमी करायची, खोली कमी करायची. काम व्हायचं, पण अर्धा दिवस जायचा आणि नक्षीच्या कडा काळपट व्हायच्या.

आमच्या वाडीतले मेस्त्रीकाका सुतारकामात जन्म घालवलेले. ते एकदा पडवीत आले, मशीन चालू होतं ते बघत उभे राहिले आणि मग वाकून बेडवरचा भुसा दोन बोटांत घेऊन चोळला. "गो बाय, ह्यो भुसो न्हय. ह्या तर पीठ!" म्हणाले. "हत्यार कापणा नाय तुजा, घासता."

पुढचे कितीतरी दिवस मी जे वाचलं, जी गणितं मांडली, ती सगळी या एका वाक्याच्या मागे उभी आहेत. बिटाची प्रत्येक धार प्रत्येक फेऱ्यात लाकडाची किती जाडीची ढलपी काढते, त्यावर सगळं ठरतं. फीड भागिले फेरे भागिले धारांची संख्या, एवढंच ते गणित. दोन धारांचं बिट दहा हजार फेऱ्यांवर मिनिटाला ६०० मिमी चालवलं, तर प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०३ मिमी येतात. तेच फीड भीतीने २०० वर आणलं की ०.०१. एवढ्या पातळ थरात धार शिरतच नाही. ती लाकडावरून घसरते, तापते, लाकूड करपवते आणि स्वतः बोथट होते. ढलपी निघाली की उष्णता ढलपीबरोबर बाहेर जाते. पीठ निघालं की ती बिटात राहते. मेस्त्रीकाकांना ०.०३ हा आकडा माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांना बोटांना कळलं.

मग नवी मोटर घ्यायची तर कोणती, हा प्रश्न आला, आणि सगळे जण सगळ्यात आधी वॅट विचारतात हे लक्षात आलं. पाचशे का आठशे का दीड हजार? याच जागी थोडं थांबावं असं मला वाटतं, कारण वॅटचा हिशेब केला की तो भलतंच काही सांगतो. लाकूड सोडा, अॅल्युमिनियम घेऊ. ते कापायला दर मिनिटाला दर घन सेंटिमीटरमागे साधारण १२ ते १५ वॅट धारेपाशी लागतात. आता ३ मिमीच्या बिटाने दीड मिमी खोल चर मिनिटाला १००० मिमी वेगाने काढला, तर मिनिटाला साडेचार घन सेंटिमीटर धातू निघतो. म्हणजे धारेपाशी साठ-पासष्ट वॅट. आणि माझ्या मशीनची चौकट अॅल्युमिनियममध्ये एवढा चर न थरथरता काढेल, याची मला खात्री नाही. लाकडाला तर याच्या कितीतरी कमी ताकद लागते. छोट्या मशीनवर शंभर वॅट धारेपर्यंत पोचवायची वेळच क्वचित येते. त्याआधी चौकट वाकते, नाहीतर बिट तुटतं.

तर मग पैसे कशाचे मोजायचे? फेऱ्यांचे, ते फेरे भाराखाली टिकण्याचे, आणि बिट गोल फिरण्याचे. माझं उत्तर हे आहे, आणि ते मी पूर्ण विश्वासाने देते.

फेऱ्यांचं महत्त्व उठावाच्या कामात जेवढं कळतं तेवढं सपाट कापणीत कळत नाही. मोठ्या कारखान्यातलं १२ मिमीचं बिट अठरा हजार फेऱ्यांवर चाललं, की त्याच्या कडेचा वेग मिनिटाला पावणेसातशे मीटरच्या आसपास जातो. माझं ३.१७५ मिमीचं बिट दहा हजारांवर मिनिटाला फक्त शंभर मीटर कापतं. चोवीस हजारांवर तेच २४० मीटरला पोचतं. आणि नक्षीला वापरतात ते गोल टोकाचं १ मिमी व्यासाचं बिट दहा हजारांवर एकतीस मीटरवरच अडकतं. त्यातही त्याच्या टोकाच्या अगदी मध्यावर वेग शून्य. बारीक बिटाला जास्त फेरे हवेत, हे कळायला हे आकडे एकदा कागदावर लिहून बघावेत.

वेळेचा हिशेब त्याहून बोलका आहे. २०० बाय २०० मिमीचं एक देव्हाऱ्याचं दार घ्या. शेवटचा हात ०.२ मिमी अंतराच्या ओळींनी फिरवायचा तर हजार ओळी होतात, प्रत्येक २०० मिमीची. म्हणजे बिट २०० मीटर चालतं. धारेच्या वाट्याला तेच ०.०३ मिमी ठेवायचे, तर दहा हजार फेऱ्यांवर फीड ६००, आणि काम साडेपाच तासांचं. वीस हजार फेऱ्यांवर फीड १२००, आणि काम पावणेतीन तासांचं. वळणावर मशीन हळू होतं, त्यामुळे प्रत्यक्षात दोन्हीकडे थोडा जास्तच वेळ जातो. पण साडेपाच आणि पावणेतीन यातला फरक कोकणात राहणाऱ्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्यात सलग पावणेतीन तास वीज मिळेल अशी आशा धरता येते. साडेपाच तासांची धरता येत नाही. माडाची झावळ तारेवर पडली, कुठे फांदी मोडली, की वीज गेली. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा तर खांबच्या खांब आडवे झाले होते. अर्ध्यात थांबलेली नक्षी पुन्हा त्याच जागी धरून पुढे नेता येते, पण जोडाची रेघ तिरक्या उजेडात दिसते. मला ती दिसते.

आता पर्याय. ज्यांच्याकडे ३०१८ मशीन आहे त्यांना बहुतेक ठिकाणी ५२ मिमी जाडीचा ५०० वॅटचा डीसी स्पिंडल सुचवला जातो. शंभर व्होल्टच्या आसपास चालतो, फेरे बारा हजारांपर्यंत. मशीनच्या बोर्डवरून त्याला वीज देता येत नाही. स्वतःचा पुरवठा लागतो, आणि बोर्डवरून फक्त वेगाचा इशारा जातो. शंभर व्होल्ट डीसीला हात लावण्याची चूक कोणी करू नये, हे जाता जाता सांगते. हा स्पिंडल भार चांगला सोसतो. पाटीवरचे आकडे खरे धरून हिशेब केला, तर बारा हजारांवर ५०० वॅट म्हणजे ०.४ न्यूटन मीटर पीळ, आणि चोवीस हजारांवरचा ८०० वॅटचा स्पिंडल देतो ०.३२. ज्याला जाड बिटाने सावकाश, खोल कापायचं आहे त्याच्यासाठी ही कमी वॅटची मोटर वाईट नाही. मला बारीक नक्षी हवी होती, आणि बारा हजार फेऱ्यांनी माझा साडेपाच तासांचा प्रश्न जेमतेम तासाभराने हलला असता. बिनब्रशचे ४८ व्होल्टचे स्पिंडलही मिळतात, शांत आणि हलके. पण त्यांचेही फेरे बारा हजारांच्या घरातच थांबतात, म्हणून ते मी बाजूला ठेवले.

खरी ओढाताण झाली ती ट्रिमर आणि व्हीएफडीवर, म्हणजे विजेची वारंवारता बदलणाऱ्या पेटीवर, चालणारा स्पिंडल यांच्यात.

ट्रिमर म्हणजे सुतार सनमायकाच्या कडा मारायला वापरतात तो हातातला छोटा राउटर. मकिटाचा आरटी०७०० घ्या. ७१० वॅट, फेरे दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत, अंग ६५ मिमी, आणि वेग भाराखाली टिकवणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आतच. घरच्या २३० व्होल्टवर थेट चालतो. ब्रश झिजले की बाहेरूनच बदलता येतात, आणि कार्बन ब्रश कुडाळ-सावंतवाडीच्या बाजारात कोणत्याही हत्यारांच्या दुकानात मागता येतात. मोटर जळली तर गुंडाळून देणारे कारागीर आहेत. कोकणात राहून यंत्र वापरायचं तर हा विचार पहिल्या रांगेत हवा. जे इथल्या माणसाला उघडता येत नाही, ते पावसाळ्यात बिघडलं की दिवाळीपर्यंत तसंच पडून राहतं. मेस्त्रीकाकांचं मत ट्रिमरकडेच होतं, आणि ते मी सहज झटकलं नाही.

ट्रिमरच्या विरोधात दोन गोष्टी होत्या. एक, तो सलग तासन् तास चालायला बांधलेला नसतो. सुतार तो दोन मिनिटं चालवतो आणि ठेवतो. दुसरी, आवाज. मशीन घराच्या पडवीत आहे. आत सासूबाई दुपारी पडतात, शेजारच्या घरात त्या वर्षी तान्हं मूल होतं, आणि वाडीतली घरं अशी, की एका पडवीतलं बोलणं दुसऱ्या पडवीत ऐकू येतं. तीन तासांची ती किंकाळी मी कोणाच्या कानावर घालणार? छंद माझा आहे. त्याची झळ शेजाऱ्याला बसू नये, असं मला मनापासून वाटतं.

व्हीएफडीचा स्पिंडल ही साधी तीन फेजची इंडक्शन मोटर असते. निकोला टेस्लाने १८८८मध्ये जिचं पेटंट मिळवलं त्याच जातीची, पिठाच्या गिरणीत आणि विहिरीवरच्या पंपात फिरते त्याच कुळातली. ब्रश नाहीत, ठिणगी नाही, झिजतात ती फक्त बेअरिंगं. फरक एवढाच, की ती ५० हर्ट्झवर नाही तर ४०० हर्ट्झवर फिरवायची असते. दोन पोलच्या मोटरला ४०० हर्ट्झ दिले की फेरे होतात चोवीस हजार. घरच्या एका फेजपासून तीन फेजची, हव्या त्या हर्ट्झची वीज बनवतो तो व्हीएफडी. मला घ्यायचा होता ८०० वॅटचा, ६५ मिमी जाडीचा, पाण्याने थंड होणारा.

इथे एक गोष्ट प्रत्येकाने वीज जोडण्याआधी करावी, म्हणून सविस्तर लिहिते. हा स्पिंडल ४०० हर्ट्झला २२० व्होल्ट मागतो, म्हणजे दर हर्ट्झला ०.५५ व्होल्ट. ५० हर्ट्झला त्याला साडेसत्तावीस व्होल्टच हवेत. बरेच व्हीएफडी मात्र साध्या पंपाच्या मोटरसाठी मांडून येतात, आणि ५० हर्ट्झलाच पूर्ण २२० व्होल्ट देऊ लागतात. तसंच चालू केलं तर स्पिंडलला आठपट व्होल्टेज मिळतं, गाभा चुंबकत्वाने भरून जातो आणि वाइंडिंग जळायला फार वेळ लागत नाही. हुआनयांग कंपनीच्या व्हीएफडीच्या सेटिंगमध्ये पीडी००४ म्हणजे मूळ वारंवारता आणि पीडी००५ म्हणजे कमाल वारंवारता. दोन्ही ४०० करायची. पीडी१४४ मध्ये ५० हर्ट्झचे फेरे, म्हणजे ३०००, भरले की पडद्यावर फेरे बरोबर दिसतात. किमान वारंवारताही बांधून ठेवावी. स्पिंडल हवेने थंड होणारा असेल तर हे फारच गरजेचं, कारण त्याचा पंखा त्याच्याच दांड्यावर असतो आणि फेरे कमी झाले की वाराही कमी होतो.

आणखी एक. या मोटरचे ८०० वॅट फक्त चोवीस हजारांवर असतात. फेरे अर्धे केले की पीळ तेवढाच राहतो, पण ताकद ४०० वॅट होते. जाड बिट लावून सावकाश फिरवायचं असेल तर हे लक्षात ठेवावं.

पाण्याचं मात्र कोकणात सोपं आहे. थंड प्रदेशातल्या लोकांना पाणी गोठू नये म्हणून त्यात काहीबाही मिसळावं लागतं, आपल्याला ती काळजी नाही. झाकणाचा कॅन, कूलरमध्ये घालतात तो छोटा पंप आणि दोन नळ्या एवढं पुरतं. पाणी विहिरीचं घेऊ नये. जांभ्यातून आलेल्या पाण्यात लोह असतं आणि ते आत साचतं. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर घ्यावं, कॅन उजेडापासून झाकून ठेवावा म्हणजे शेवाळ धरत नाही. पंप आणि व्हीएफडी एकाच स्विचवर ठेवावेत. पाणी फिरत नसताना स्पिंडल फिरता कामा नये.

अर्थिंगने मात्र सगळ्यात जास्त वेळ घेतला. आमचं घर कातळावर आहे. मार्चनंतर तो जांभा असा सुकतो, की जमिनीत गाडलेली पट्टी नावापुरतीच उरते. साधा पंखा आणि दिवा त्याचं काही वाटून घेत नाहीत. व्हीएफडी घेतो. त्याच्या फिल्टरमधून थोडा प्रवाह नेहमीच जमिनीकडे वाहतो, त्यामुळे गळतीवर पडणारा ब्रेकर विनाकारण पडू शकतो. अर्थिंग कच्चं असेल तर तोच गोंगाट मशीनच्या तारांमध्ये शिरतो, अक्षाच्या टोकाचा लिमिट स्विच आपोआप दाबला गेल्यासारखा वागतो, लॅपटॉपची यूएसबी मध्येच सुटते. आम्ही नवा खड्डा काढला, कोळसा आणि मीठ भरून पट्टी उतरवली, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायची सवय लावून घेतली. स्पिंडलची तार जाळीच्या आवरणाची घेतली, जाळी व्हीएफडीपाशी अर्थला जोडली. स्वस्त स्पिंडलच्या प्लगमधली चौथी पिन बऱ्याचदा आत कशालाच जोडलेली नसते. मल्टिमीटरचं एक टोक पिनेला आणि दुसरं स्पिंडलच्या अंगाला लावून बघावं. वाजलं नाही तर अंगाला स्वतंत्र अर्थ द्यावा. पाण्याची नळी, धातूचं अंग आणि वीज एका हातभर जागेत आहेत, तिथे हा मिनिटभराचा तपास टाळू नये.

व्होल्टेज उतरण्याचा प्रश्नही आहेच. २३० व्होल्टचे व्हीएफडीच्या आत साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतात. संध्याकाळी घराघरांतले पंप सुरू झाले आणि वीज १७० वर आली, तर आत २४० उरतात, आणि ठरावीक पातळीखाली व्हीएफडी स्वतःला बंद करून घेतो. त्याने ते करावंच. घात होतो तो स्पिंडल थांबला आणि स्टेपर चालूच राहिले तर. बिट न फिरता लाकडात ओढलं जातं आणि तुटतं. पुष्कळ जण वीज जाईल म्हणून लॅपटॉप आणि स्टेपर इन्व्हर्टरवर ठेवतात आणि स्पिंडल थेट लाइनवर. ती जोडणीच धोक्याची. व्हीएफडीवर दोष सांगणारा एक रिले असतो. त्याच्या तारा जीआरबीएलच्या फीड होल्डला, म्हणजे चाल थांबवणाऱ्या पिनेला, आणल्या, की स्पिंडल पडताक्षणी अक्षही थांबतात. जीआरबीएल हे आर्डुइनो या साध्या छोट्या बोर्डवरून मशीन चालवणारं फर्मवेअर, आणि ही सोय त्यात आहेच. किती जणांनी ती तार जोडलेली असते कोण जाणे.

वीज गेली की आणखी एक घडतं, ते वजनामुळे. ७७५ साडेतीनशे ग्रॅमची, हा पाण्याचा स्पिंडल आणि त्याचा क्लॅम्प मिळून तीन किलोच्या घरात. झेड अक्षाला, म्हणजे वर-खाली जाणाऱ्या अक्षाला, टी८चा ८ मिमी लीडचा (एका फेऱ्यात ८ मिमी सरकवणारा) स्क्रू असेल, तर स्टेपरची वीज जाताच स्पिंडल आपल्या वजनाने खाली घसरतो आणि नक्षीत खड्डा पाडतो. २ मिमी लीडचा स्क्रू घसरत नाही. मी झेडचा स्क्रू आधी बदलला आणि मगच स्पिंडल मागवला. ३०१८ मशीनच्या झेडवर एवढं वजन चढवूच नये. तिथे चौकट आधी हलते, मग कितीही महाग स्पिंडल लावा, कडेवर लाटा उमटणारच.

शेवटी निर्णय सोपा झाला तो एका क्लॅम्पमुळे. ट्रिमरचं अंग ६५ मिमी आणि ८०० वॅटच्या स्पिंडलचंही ६५. एकच क्लॅम्प दोघांना चालतो. स्पिंडल बिघडला तर मेस्त्रीकाकांचा ट्रिमर त्याच जागी बसवून हातातलं काम पुरं करता येतं. म्हणून मी पाण्याचा स्पिंडल घेतला. आणि व्हीएफडी हवाबंद पेटीत ठेवला, पावसाळ्यात पेटीत लहान पिवळा बल्ब तेवत ठेवते म्हणजे आत दमट होत नाही. पाली आणि मुंग्याही पेटीमुळे बाहेर राहतात. किनाऱ्यावर इलेक्ट्रॉनिक्स मरतं ते खाऱ्या दमट हवेने आणि पालींनी, हे इथे यंत्रं वापरणारा कोणीही सांगेल.

गोल फिरण्याबद्दल राहिलं, आणि माझ्या मते ते सगळ्यात मोलाचं आहे. बिट आपल्या अक्षाभोवती अगदी गोल न फिरता किंचित हेलपाटत असेल, तर त्याला रनआउट म्हणतात. डायल गेज टेकवून बिट हाताने सावकाश फिरवलं की काटा सांगतो. धारेच्या वाट्याला ०.०३ मिमी येत असताना रनआउट ०.०५ असेल, तर दोन धारांपैकी एकच कापते आणि दुसरी हवेत फिरते. ७७५वर चढवलेली ती नळी इथेच मार खाते. ग्रब स्क्रू एका बाजूने दाबतो, नळी तेवढी कलते. नव्या स्पिंडलमध्ये कोलेटची खोबण दांड्यातच कोरलेली असते, आणि बेअरिंगं बाजूचा तसाच उभा भार सोसणारी. काटा जेमतेम हलला तेव्हा मला जो आनंद झाला, तो चोवीस हजार फेऱ्यांनी झाला नव्हता.

स्पिंडल चांगला असून स्वस्त कोलेटने सगळं घालवता येतं. ईआर कोलेट रेगो-फिक्स या स्विस कंपनीने १९७३मध्ये आणलं, आणि आज जगभर तेच चालतं. पण त्याच नावाने मिळणारे सगळे सारखे नसतात. मी स्पिंडलबरोबर आलेली कोलेटं बाजूला ठेवून ३.१७५ आणि ६ मिमीची दोनच चांगली घेतली. ईआर११चं कोलेट अर्धा मिमीपर्यंतच आवळतं, म्हणून ३.१७५च्या बिटाला ४ मिमीचं कोलेट लावू नये. कोलेट आधी नटमध्ये टक असा आवाज येईपर्यंत बसवावं आणि मग नट स्पिंडलवर चढवावा. दर वेळी खोबणीतला भुसा पुसावा. भुशाचा एक कणसुद्धा बिट तिरकं करतो. आणि भुसा ओढून घेणारा पंप लावाच. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे.

नवा स्पिंडल आला की लगेच पूर्ण वेगाने पळवायचा नसतो. बेअरिंगमधलं ग्रीस सगळीकडे पसरावं म्हणून आधी कमी वेगावर, मग टप्प्याटप्प्याने वर न्यायचा, मध्ये अंग हाताने तपासत. तेवढं झाल्यावर मी फणसाचं पहिलं दार लावलं. वीस हजार फेरे, फीड १२००. स्पिंडलचा आवाज जवळपास नाहीच, ऐकू येतं ते फक्त लाकूड कापल्याचं. बेडवर पिवळ्या बारीक ढलप्या जमल्या. सासूबाई आत झोपल्या होत्या त्या झोपूनच राहिल्या.

मेस्त्रीकाकांना दार दाखवायला नेलं. त्यांनी भुसा मागितला नाही, दारच उलटंसुलटं करून पाहिलं. नक्षीच्या आतल्या कोपऱ्यांत नख घालून म्हणाले, कोपरे गोल राहिलेत. ते राहणारच. फिरतं बिट आपल्या त्रिज्येपेक्षा टोकदार आतला कोपरा काढूच शकत नाही, मग ते कितीही फेऱ्यांवर फिरो. त्यांनी पटाशी घेतली आणि एकेक कोपरा धारदार करायला लागले. मधेच थांबून म्हणाले, "पुढच्या येळेक पटाशीक खावक कायतरी ठेव गो. सगळाच मशीन खाता." त्यामुळे आता टूलपाथ, म्हणजे बिटाचा मार्ग, बनवताना नक्षीच्या उभ्या भिंतींना मी ०.३ मिमी शिल्लक ठेवते. चतुर्थीच्या मखरातल्या कमळासाठी त्यांनी अर्धा मिमी मागितला आहे.